नाव लावायची सोय

मंगळवार, २ ऑगस्ट १९८८. रक्कम चारशे रुपये. हजर चौघे: कारखान्याचे मालक, कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहून देणारे गृहस्थ, स्टोअरकीपर आणि मी. मी त्या कारखान्यात हिशेब विभागाचा प्रमुख होतो. वय सत्तेचाळीस, नोकरी एकवीस वर्षांची. त्या दिवशीची टिपणं माझ्या हाताची आहेत आणि अजून माझ्यापाशी आहेत, म्हणून आकडे खात्रीने सांगतो. बोलणं आठवणीतून लिहितो.

आमची फौंड्री उद्यमनगरात. इंजिनाची फ्लायव्हील आणि बारीकसारीक ओतीव भाग आम्ही करत होतो. मालकांनी आदल्या वर्षी कॉम्प्युटर घेतला होता. मुख्य पेटी माझ्या खोलीत आणि तिला वायरीने जोडलेले चार पडदे: मालकांच्या केबिनमध्ये पहिला, माझ्या टेबलावर दुसरा, स्टोअरमध्ये तिसरा, फाटकावर चौथा. त्यावरचा एक प्रोग्राम निरोपाचा होता. एका पडद्यासमोर बसून ओळ टाइप करायची, कुठल्या पडद्याला पाठवायची तो आकडा द्यायचा, की ती ओळ तिकडे उमटायची. पूर्वी हे काम चिठ्ठ्या घेऊन शिपाई करत असे. भट्टी चालू असली की फोनवर काही ऐकू येत नसे, त्यामुळे निरोपाचा प्रोग्राम सगळ्यांना आवडला. मला तो एका अटीवर चालला. प्रत्येक निरोप माझ्या खोलीतल्या प्रिंटरवर छापून निघाला पाहिजे. निघत होता. वेळ, पाठवणाऱ्या पडद्याचा आकडा आणि मजकूर.

अडचण फाटकावर आली. तिथे दोन पाळ्यांत दोन कारकून. जुलैत चार नंबरवरून निरोप आला, ‘गाडी तपासली, बरोबर आहे.’ गाडीत दोन नग जादा निघाले. दोन्ही कारकून म्हणाले, मी नाही पाठवला. कागदावर नुसता चार होता. चाराला नोटीस देता येत नाही.

म्हणून ती बैठक. प्रोग्रामवाले गृहस्थ पूर्वी कॉलेजात शिकवत. शाहूपुरीत त्यांचं ऑफिस होतं. ते म्हणाले, “सोपं आहे. आकड्याच्या जागी नाव दिसेल. ज्याचं त्यानं युजरनेम ठरवायचं. एक बटण दाबलं की मशीन विचारेल, नाव टाका. टाकलं की झालं. बंद करून चालू केलं तरी लक्षात राहील.”

मी विचारलं, “कुणी दुसऱ्याचं नाव टाकलं तर?”

“कशाला टाकेल?”

“कशाला ते राहू दे. टाकता येईल का?”

“येईल.”

मालक हसले. “यांच्या घरी साखरेच्या डब्यालासुद्धा कुलूप असणार.”

“कुलूप नाही,” मी म्हटलं. “डबा मोजलेला असतो.”

ज्याला त्याला गुप्त शब्द द्यायचा आणि नाव त्या शब्दाला बांधायचं, असाही एक प्रकार होता. त्याचे नऊशे रुपये. मालकांनी चारशेचा प्रकार धरला.

स्टोअरकीपर दाराजवळ उभा होता. पस्तिशीच्या आसपासचा माणूस, उचगावचा, सायकलने यायचा. सात वर्षं हंगामी म्हणून काढली होती आणि येत्या १ ऑक्टोबरपासून तो कायम होणार होता. ती ऑर्डर टाइप करून माझ्याच कपाटात ठेवलेली होती, फक्त सही राहिली होती. त्यानं एकच शंका काढली. “नाव किती अक्षरांचं बसतंय? माजं लई लांब हाय.”

“बारा अक्षरं, इंग्रजीत.”

“मग अर्धं टाकतो. मला काय, हाक मारल्यावर ओ द्यायची.”

आणखी एक गोष्ट त्या टिपणात आहे. प्रोग्रामवाले विचारत होते की नावाबरोबर पडद्याचा आकडाही ठेवू का. मी हिशेब केला. नाव आणि आकडा दोन्ही आले की निम्मे निरोप दुसऱ्या ओळीवर जाणार, कागद महिन्याला दोनशे ताव जास्त लागणार. मी म्हटलं, आकडा काढा. हे वाक्य माझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

प्रोग्राम आठवड्याभरात बसला, चारशेचा चेक दिला. पहिल्या चार दिवसांतच माझी शंका खरी ठरली. फाटकावरच्या दिवसपाळीच्या कारकुनानं स्वतःचं नाव ‘हिंदकेसरी’ असं टाकलं. प्रिंटरवर ओळ आली: ‘हिंदकेसरी: कोळशाचा ट्रक आला.’ मी त्याला बोलावून घेतलं.

“हे काय आहे?”

“गंमत केली, साहेब.”

“वजन किती तुझं?”

“बेचाळीस किलो.”

“मग खरं नाव टाक.”

त्यानं टाकलं. मी मालकांना एक टिपण दिलं की या सोयीत धोका आहे. मालकांनी त्यावर ‘पाहिले’ असं लिहून परत पाठवलं. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी छापील निरोपांवरून नजर फिरवू लागलो. सप्टेंबरात अर्धवार्षिक हिशेब आले आणि रोजचं आठवड्यावर गेलं. पुढे तेही राहिलं. कागदाची चळत कपाटावर साठत गेली.

शनिवार, २४ सप्टेंबर. बाहेर गेलेल्या मालाच्या चिठ्ठ्या मी फाटकाच्या वहीशी ताडून पाहत होतो. माल बाहेर जायचा तर माझ्या सहीची चिठ्ठी लागे. साठ फ्लायव्हील भरलेला एक टेम्पो वहीत होता, त्याची चिठ्ठी नव्हती. मी फाटकावर गेलो. कारकून तोच, बेचाळीस किलोचा.

“हा टेम्पो कुणी सोडला?”

“मी सोडला.”

“चिठ्ठी?”

“तुमचाच निरोप आलता की, साहेब. साठ नग, सोडा म्हणून. तुमीच सोडा म्हटल्यावर चिठ्ठी कुणाची मागू? तुमचीच?”

मी तसा निरोप पाठवला नव्हता. हे मी त्याला सांगितलं नाही. खोलीत येऊन दार लावून घेतलं आणि वरचे कागद उलगडले. त्या एका आठवड्यातच माझ्या नावाचे, पण मी न पाठवलेले, सात निरोप निघाले. ‘वाळू संपत आली.’ ‘टेम्पो भरला, साठ नग, सोडा.’ ‘वजनकाटा मोकळा आहे का?’ साधे, कामाचे निरोप. मला त्यांचा साधेपणाच जास्त खटकला. पैसे मागणारा एखादा खोटा निरोप असता तर हेतू कळला असता. इथे कुणीतरी माझ्या नावानं बोलायची सवय करून घेत होता आणि ऐकणाऱ्यालाही ती लावत होता. मोठं काहीतरी पुढं होतं, असं मी धरून चाललो.

अडीच वाजता मी प्रिंटरजवळ उभा राहिलो. माझ्या पडद्यापासून दूर, हात मागे बांधून. तीन वीसला प्रिंटर खरखरला आणि ओळ आली. माझं नाव, आणि पुढे: ‘कोकची गाडी आली काय?’ मी स्वतः तिथे उभा असताना माझं नाव छापून येताना बघणं ही काही चांगली गोष्ट नाही. मी निघालो. निरोप कोकचा, म्हणजे भट्टीच्या कोळशाचा होता, आणि कोकची चौकशी स्टोअरशिवाय कोण करणार? स्टोअरपर्यंत नव्वद पावलं आहेत. आत स्टोअरकीपर एकटा पडद्यासमोर बसला होता, आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात माझं नाव होतं.

“हे काय?”

तो उठून उभा राहिला. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “तुमचं नाव हाय, साहेब.”

“ते मला वाचता येतं. इथं कसं आलं?”

“म्हंजे?”

“तू लावलंस?”

“मी न्हाई लावलं.”

“मग कुणी लावलं?”

तो काही बोलणार तेवढ्यात मागून मालक आले. आवाज ऐकून आले असावेत. स्टोअरकीपरनं त्यांच्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि हळू आवाजात म्हणाला, “ते तुमास्नीच म्हाईत की, साहेब.”

एकवीस वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मला तो उद्धटपणा वाटला. मग वाटलं, नुसता उद्धटपणा नाही, धमकी आहे. माझं काहीतरी याला माहीत आहे असं मालकांपुढे दाखवायचं आहे. माझं लपवण्यासारखं काही नव्हतं, तरी मी मनात शोधून पाहिलं.

केबिनमध्ये मालक म्हणाले, “ती साठ फ्लायव्हील मीच पाठवायला लावली होती. स्टोअरला फोन केला होता. शिरोलीला लेथवर टर्निंगला गेलीत. माल कुठं गेलेला नाही.”

“आज गेलेला नाही.”

“मग?”

“नाव माझं आहे. उद्या माझ्या नावानं काय जाईल याची हमी कोण देणार? मी सही करतो ती या नावाची.”

मालकांनी थोडा वेळ पेपरवेट फिरवला. “तुम्ही बघा काय ते. मला रोज उठून असली भांडणं नकोत.”

मी बघितलं. चौकशी होईपर्यंत घरी बसण्याचं पत्र मीच टाइप केलं. कायम करण्याची ऑर्डर कपाटातून काढून चौकशीच्या फाइलला लावली. पत्र घेताना स्टोअरकीपरनं विचारलं, “हितं पावती म्हणून सही करू?” मी हो म्हटलं. “खाली तारीख घालू?” हो. त्यानं तारीख घातली, पेन टोपण लावून परत दिलं आणि सायकल काढून गेला. एक तारखेला सात दिवस राहिले होते. मधेच खंड पडला तर सात वर्षं शून्यावर येणार आणि हंगामीपण पुन्हा पहिल्यापासून, हे त्याला माहीत होतं. मला तर होतंच.

स्टोअरचा पडदा मी बंद केला, वर कापड टाकलं आणि दोरीच्या गाठीवर लाखेचा शिक्का मारला. पुरावा जागेवर राहिला पाहिजे. स्टोअरवर एक तात्पुरता माणूस बसवला आणि त्याला पुन्हा चिठ्ठ्यांवर आणलं. मग एकेकावर लक्ष ठेवलं. फाटकावरचा कारकून सामील असेल का? त्यानं चिठ्ठीशिवाय गाडी सोडली होती आणि नाव बदलायची खोड त्याला होतीच. प्रोग्रामवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, “मी म्हटलंच होतं, नऊशेचं घ्या.” मला तोही संशय आला, की नऊशेचा घ्यावा म्हणून तर हे घडवलं नसेल? मी माझ्या ड्रॉवरमधले रबरी शिक्के मोजले. अकरा होते, अकराच असायला हवे होते. खरे निरोप ओळखता यावेत म्हणून मी रोज सकाळी माझ्या नावापुढे त्या दिवसापुरता ठरवलेला एक आकडा जोडू लागलो आणि तो आकडा फक्त मालकांना सांगितला. मालक म्हणाले, “उद्या मी तुम्हाला तुमचा आकडा विचारल्याशिवाय नमस्कारही करणार नाही.”

खोटे निरोप त्या शनिवारपासून थांबले. एकही आला नाही. मी ते चौकशीच्या कागदात लिहिलं: ‘सदर इसम गेल्यापासून प्रकार बंद आहेत.’ त्या वाक्याखाली मी रेघ ओढली होती.

आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी सोमवारी असे. ३ ऑक्टोबरच्या सोमवारी मी सप्टेंबरचे सगळे छापील निरोप घरी आणले होते. चौकशीचा अहवाल पुरा करायचा तर नुसत्या एका आठवड्यावर भागणार नाही, पूर्ण तक्ता हवा. सकाळी जेवणाआधी बैठकीच्या खोलीत कागद पसरले. रकाने पाच: तारीख, वेळ, मजकूर, मी त्या वेळी कुठे होतो, शेरा. बायको दारात येऊन म्हणाली, “रद्दी काढलीय का? मग मागची वर्तमानपत्रंपण घ्या.”

खोटे निरोप मोजून तेवीस झाले. एका वेळी मी बँकेत होतो, एका वेळी दातांच्या डॉक्टरकडे, दोनदा तर त्याच मिनिटाला माझ्या पडद्यावरून खरा निरोप गेलेला. सगळं माझ्या बाजूनं जात होतं. आता पहिला खोटा निरोप कधीचा तेवढं ठरवायचं होतं, म्हणजे प्रकाराचा आरंभ लिहिता येईल. मागे मागे गेलो. ५ सप्टेंबर सोमवार, सुट्टी. ४ तारखेला दोन. त्याआधी ३ तारखेला, अकरा चाळीस, एक: ‘पाच नंबरच्या कपाटाची किल्ली पाठवा.’

हा मात्र खरा होता. मला आठवला. हा मीच पाठवला होता. म्हणून तो तक्त्यातून वगळायला मी पेन्सिल उचलली, आणि थांबलो.

पाच नंबरच्या कपाटाची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असते. माझ्या ड्रॉवरमधली किल्ली माझ्याच टेबलावरून मी निरोप पाठवून कशाला मागवीन?

३ सप्टेंबरला आम्ही स्टोअरमधला माल मोजायला घेतला होता. मी सकाळपासून स्टोअरमध्ये होतो. किल्ली विसरली, म्हणून स्टोअरकीपरच्या खुर्चीत बसून माझ्या खोलीतल्या मदतनिसाला निरोप पाठवला. पडद्याच्या कोपऱ्यात स्टोअरकीपरचं अर्धं नाव होतं. माझा निरोप दुसऱ्याच्या नावानं जाणं मला बरोबर वाटलं नाही. मी बटण दाबलं, नाव टाका असं आलं, मी माझं नाव टाकलं. किल्ली आली, मोजणी झाली, मी उठून गेलो. नाव परत बदललं नाही. मशीननं ते लक्षात ठेवलं. ठेवेल असं त्या गृहस्थांनी सांगितलंच होतं.

नावाबरोबर पडद्याचा आकडा छापला जात असता तर प्रत्येक ओळीवर तीन दिसला असता आणि पाच मिनिटांत उलगडा झाला असता. आकडा मी कागद वाचवायला काढला होता.

बायको आतून म्हणाली, “काय झालं? एवढे गप्प का?”

“किल्ली मीच मागवली होती.”

“मग सापडली का?”

“सापडली.”

“मग जेवायला चला.”

जेवलो नाही. स्कूटर काढून उचगावला गेलो. वाटेत मी तरीही मनाशी एक वाद घालत होतो: नाव मी लावलं हे खरं, पण त्याला दिसत होतं ना? तीन आठवडे रोज माझ्या नावाखाली निरोप पाठवताना त्यानं ते बदललं का नाही? भोळेपणा इतका नसतो. कुठंतरी काहीतरी असणारच. संशय एकदा अंगवळणी पडला की पुरावा उलटला तरी तो दुसरी जागा शोधतो. माझा शोधत होता.

दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याची पडवी. स्टोअरकीपर सायकलचं चाक काढून पंक्चर बघत बसला होता. मला बघून उठला. त्याची बायको बाहेर आली. तिनं मला कधी पाहिलं नव्हतं, पण मी कोण ते तिला लगेच समजलं. पाण्याचा तांब्या आणून पुढे धरला.

“घ्या पावणं. आमच्यातलं पाणी चालतंय न्हवं? न्हाई, चोराचं घर हाय म्हणून इच्यारलं.”

“अगं,” तो म्हणाला.

“काय अगं? लोकं इच्यारत्यात, तुमचं मालक घरात कसं. मी काय सांगू? इंग्रजीत नाव लिवलं म्हणून घरी बसवलंय म्हणून सांगू?”

मी पाणी प्यालो. मग त्याला म्हटलं, “ते नाव मी लावलं होतं. तीन तारखेला. मोजणीच्या दिवशी.”

“व्हय,” तो म्हणाला.

“तुला माहीत होतं.”

“माज्यासमोरच लावलासा की. मी शिडीवर हुतो.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीस?”

“म्हटलं की, तुमास्नीच म्हाईत म्हणून. आनी काय म्हणू? मालक हुबं हुतं. त्यांच्यासमोर तुमास्नी म्हणू, की साहेब, तुमीच इसरलासा?”

ते मला पटलं. पण वाटेतला प्रश्न शिल्लक होता, तो विचारलाच. “बरं. पण तीन आठवडे तू ते बदललं का नाहीस? बटण दाबायचं, आपलं नाव टाकायचं. तुला येत होतं.”

त्यानं चाक बाजूला ठेवलं. “साहेब, मी कामाला लागलो त्या दिवशी तुमी स्टोअरची वही दिलासा. काय म्हणालासा, आठवतंय? दुसऱ्यानं लिवल्यालं खोडायचं न्हाई. चुकलं असलं तरी ज्यानं लिवलं त्यानंच दुरुस्त करायचं, आनी शेजारी सही करायची. सात वर्सं मी तुमच्या हातचा एक आकडासुदिक खोडला न्हाई. मग तुमचं नाव कसं पुसू?”

तो नियम माझाच. प्रत्येक नव्या माणसाला मी तो पहिल्या दिवशी सांगत असे. खाडाखोडीतून काय काय होतं ते मी पाहिलेलं होतं. पडदा म्हणजे वही नव्हे, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मलाही तसं कधी वाटलं नव्हतं.

“दोनदा आलतो तुमच्या खोलीत,” तो म्हणाला. “साहेब, तेवढं नावाचं बगा म्हणून. तुमी मान वर न करता म्हणालासा, हिशेब झाल्यावर.”

हेही खरं असणार. सप्टेंबरात मी सगळ्यांनाच तसं म्हणत होतो. वर्षानुवर्षं माणसांवर नजर ठेवणारा मी, दारात उभ्या माणसाकडे बघितलं नव्हतं.

“उद्या मी मालकांना सांगतो. परवा कामावर ये.”

“असं न्हाई येणार.”

“म्हणजे?”

“त्या दिवशी सगळ्यांनी बगितलं. फाटकावरची दोघं, भट्टीवरची. मला पत्र दिलासा ते सगळ्यास्नी ठावं हाय. आता नुसता येऊन बसलो तर म्हणतील, पाया पडला असंल. चारी पडद्यावर एक निरोप टाका. तुमच्या नावाचा. काय झालं ते लिवा. मग येतो.” चाक परत हातात घेत तो म्हणाला, “आनी ऑर्डर एक तारखेची पायजे. पाचची न्हाई.”

बायको उंबऱ्यात उभी होती. “आनी लिवताना खरंच तुमीच लिवताय हे त्यास्नी कळूंदे,” ती म्हणाली. त्याला हसू आलं. मला आलं नाही.

मंगळवारी सकाळी मालकांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलून बराच वेळ हसले, मग एकदम हसायचे थांबले. “ठीक आहे. घ्या त्याला परत. ऑर्डर पाच तारखेची काढा.”

“एक तारखेची.”

“मधले दिवस तो कामावर नव्हता.”

“मी ठेवला नव्हता. खंड दिसला तर त्याची सात वर्षं जातात.”

“खंड दिसू द्यायचा नाही तर त्या दिवसांचा पगार दाखवायला लागेल. काम न करता पगार कंपनी का देईल? तुम्हीच आला असता उद्या माझ्याकडे, हे कुठल्या नियमात बसतं म्हणून.”

हे बरोबर होतं. मी आलो असतो. “कंपनी देणार नाही,” मी म्हटलं. “मी देतो. तुम्ही ऑर्डर एक तारखेची करा.” त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं, चौकशीच्या फाइलला लावलेली ऑर्डर मागवून घेतली आणि सही केली.

मग मी स्टोअरमध्ये गेलो. लाख फोडली, कापड काढलं, पडदा चालू केला. कोपऱ्यात माझं नाव तसंच होतं. बटण दाबून ते पुसलं आणि जागा मोकळी ठेवली. त्याचं त्यानं टाकायचं. माझ्या टेबलावर येऊन नावापुढचा आकडा काढून टाकला आणि चारही पडद्यांना निरोप पाठवला. तीन ओळी झाल्या: ‘स्टोअरच्या पडद्यावर माझे नाव ३ सप्टेंबरला मीच लावले व काढायला विसरलो. स्टोअरकीपरने कोणाचेही नाव वापरलेले नाही. चौकशी बंद केली आहे, चूक माझी.’ मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहायचा म्हणजे वेळ लागतो. मी दोनदा वाचून मग पाठवला.

पाच मिनिटांनी फाटकावरून फोन आला. भट्टी बंद होती म्हणून ऐकू आलं. बेचाळीस किलोचा कारकून.

“साहेब, एक निरोप आलाय. तुमच्या नावाचा.”

“हो.”

“न्हाई, म्हटलं इच्यारावं. तुमीच हाईसा न्हवं?”

“मीच आहे.”

“मग खरं धरू?”

“खरं धर. आणि स्टोअरचा माणूस उद्या येईल, त्याची सायकल आत घे.”

बुधवारी तो आला. दहा वाजता माझ्या खोलीत प्रिंटर खरखरला. ओळ त्याच्या अर्ध्या नावाची होती: ‘वाळू दोन दिवसांची आहे, मागवा.’ मी ती वाचली, आणि तरीही उठून नव्वद पावलं चालून स्टोअरच्या दारातून बघून आलो की पडद्यासमोर तोच बसला आहे. तो होता. त्यानं मला बघितलं आणि खुर्चीत किंचित सरकून पडद्याचा कोपरा मला दिसेल असं केलं.

त्याच दिवशी दुपारी मी रोखपालाकडे माझ्या खिशातले पैसे भरले आणि पावती घेतली. सात दिवस कामाचे आणि एक २ ऑक्टोबरच्या भरपगारी सुट्टीचा, असे आठ दिवस, दर चौतीस रुपये. एकूण दोनशे बहात्तर रुपये रोखपालानं पगारपत्रकाला लावून स्टोअरकीपरला रोख दिले.